साहेबांना मतं मागायला लावू नका

भोसरीत उद्या न्यायाधीशपदाची निवडणूक लागली, तर पहिला फ्लेक्स नाशिक फाट्यावर लागेल. मधोमध हात जोडलेला उमेदवार, कडेने शुभेच्छुकांचे चेहरे. मधल्या चेहऱ्याचं मला भय नाही, कडेच्या चेहऱ्यांचं आहे. फ्लेक्सचे पैसे कुणी दिले? गाड्यांत डिझेल कुणी भरलं? कार्यकर्त्यांच्या जेवणाचं बिल कुणाच्या नावावर? पिंपरीपासून चाकणपर्यंत निवडणुकीला पैसा कुठून येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. जमिनीचे व्यवहार, बांधकाम, कंपन्यांना माणसं पुरवायचे ठेके, भंगाराचे ठेके. त्यातले सगळे वाईट नाहीत. पण न्यायालयाच्या बोर्डावर वरचेवर नावं लागतात तीही याच मंडळींची. सात-बाराचा वाद, थकवलेला पीएफ, न वटलेला चेक, बांधकामावरची स्थगिती. ज्याच्या जेवणावळींवर निवडून आले त्याच्याच दाव्यात साहेब डायसवर बसणार, आणि समोर वडिलांच्या जमिनीतला वाटा मागणारी एखादी बाई उभी राहणार. तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

हे घडून गेलेलं आहे. अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया हे कोळसा खाणींचं राज्य. तिथे मॅसी या बड्या कोळसा कंपनीने ह्यू कॅपर्टन नावाच्या छोट्या खाणमालकाला धंद्यातून उठवलं, म्हणून 2002 मध्ये ज्यूरीने कंपनीला 5 कोटी डॉलरची भरपाई लावली. कंपनी अपिलात जाणार हे उघड होतं. मधे 2004 साल आलं, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका जागेची निवडणूक आली. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी त्या निवडणुकीत सुमारे 30 लाख डॉलर ओतले. त्यांना हवे होते ते ब्रेंट बेंजामिन निवडून आले. पुढे अपील त्याच न्यायालयापुढे आलं, तेव्हा बेंजामिन बाजूला झाले नाहीत. निकाल 3 विरुद्ध 2, कंपनीच्या बाजूने. 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेंजामिन यांनी त्या खटल्यात बसणं चूक ठरवलं, तेही 5 विरुद्ध 4 असं. ज्याने निवडून आणलं त्याचाच खटला चालवू नये, इतकी साधी गोष्ट एका मताने वाचली.

अमेरिकेत न्यायाधीशपदाच्या उमेदवारांच्या जाहीर डिबेट होतात. लोक सभागृहात येऊन बसतात, उमेदवार समोरासमोर उभे राहतात. 12 मार्च 2025 रोजी विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात, मार्क्वेट विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात, सुझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल यांची अशी डिबेट झाली. जागा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची. दोघेही अनुभवी, दोघांनीही न्यायाधीश म्हणून काम केलेलं. पण डिबेटमध्ये वारंवार काय आलं? तुमच्यामागे इलॉन मस्कचा पैसा आहे, तुमच्यामागे जॉर्ज सोरोसचा. गर्भपाताच्या जुन्या कायद्याबद्दल तुमचं मत काय, पूर्वी काय बोलला होतात? 1 एप्रिलला क्रॉफर्ड निवडून आल्या. एका जागेसाठी दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे 10 कोटी डॉलर खर्च झाले होते. आपल्या पैशांत आठशे कोटींच्या वर.

त्याच वर्षी 1 जूनला मेक्सिकोने देशभरातले न्यायाधीश थेट लोकांकडून निवडून घ्यायला सुरुवात केली. मतदान जेमतेम 13 टक्के. मतपत्रिकेवर नावं इतकी, की कुणाला मत द्यायचं हे लिहिलेल्या चिठ्ठ्या आधीच लोकांच्या हाती पडल्या होत्या. ज्याला आपण चिठ्ठी वाटणं म्हणतो, तेच.

आता सरळ विचारतो. प्रचारात उमेदवार म्हणाला, की मी कामगारांच्या बाजूने निकाल देईन. चाकणमध्ये टाळ्या पडतील, मीही वाजवीन. पण त्याच घटकेला तो न्यायाधीश म्हणून संपला, कारण खटला ऐकायच्या आधीच त्याने निकाल लिहून टाकला. आणि जो उमेदवार काहीच बोलणार नाही, त्याला मत द्यायचं कशावर? आडनावावर. गावकी-भावकीवर. पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेची निवडणूक ज्याने 2017 मध्ये पाहिली आणि मग थेट 2026 मध्ये पाहिली, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून न्यायाधीश मतांवर नको. इथे माझ्या मनात काडीची शंका नाही.

पण मग आपल्याकडे तो येतो कसा, हे या शहरातल्या किती जणांना ठाऊक आहे? जिल्हा न्यायाधीश राज्यघटनेच्या 233 व्या कलमाखाली येतात आणि त्यांच्या खालचे 234 व्या कलमाखाली. आपला चेक न वटल्याचा खटला किंवा घरमालकाशी असलेला दावा ज्यांच्यापुढे उभा राहतो, ते कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी एमपीएससीच्या परीक्षेतून येतात. 100 गुणांची पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षेचे 100-100 गुणांचे दोन पेपर, शेवटी 50 गुणांची मुलाखत. माणूस म्हणून उमेदवार कसा आहे, गरिबाचं ऐकून घेतो की खेकसतो, घाबरतो की ठाम राहतो, हे पाहायला ठेवलेले आहेत ते हे 50 गुण. त्या खोलीचं दार बंद असतं, आणि ते बंद असावं. पण बाहेर आल्यावर निदान यादीतला माणूस कोण, त्याने वकिली कुठे केली, हे तरी कुणाला कळतं का?

20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी दुरुस्ती केली. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सांगितलं, की न्यायाधीशपदाच्या या पहिल्या पायरीच्या परीक्षेला बसायचं तर किमान 3 वर्षं वकिली केलेली हवी. ही अट पूर्वी होती, 2002 मध्ये काढली गेली, 2025 मध्ये परत आली. मला ती पटते. कॉलेजातून थेट डायसवर गेलेल्या मुला-मुलींनी पुकारा होईपर्यंत दिवसभर ताटकळणाऱ्या पक्षकाराचा चेहरा कधी पाहिलेला नसतो. पण ही अट कुणाला परवडते, हेही बोला. चिखलीत, थेरगावात, मोशीत कामगारांची मुलं-मुली एलएलबी होतात. बाप कंपनीत ठेक्यावर, आई कुठे तरी कँटीनमध्ये. पोरगी सीनियरकडे ज्युनियर म्हणून लागते, फायली उचलते, तारखा घेते, आणि हाती पडतं ते बसभाडं नि चहापाणी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये सगळ्यांना कळवलं, की ज्युनियरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत. कळवलं, बंधनकारक केलं नाही. मग तीन वर्षं बिनपगारी कोण काढणार? ज्याचा बाप वकील आहे तो. उद्या डायसवर एकाच थरातली माणसं दिसली, तर त्याचं कारण परीक्षा नसेल, या तीन वर्षांतलं रिकामं पाकीट असेल.

निवडणूक नको म्हटलं, की लगेच कुणीतरी सुचवतं: मग सरकारनेच नेमावेत, चांगली माणसं बघून. असं म्हणणाऱ्याने एकदा चाकणहून पुढे राजगुरुनगरला जाऊन यावं. चाकण पोलीस ठाणं 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आलं, पण तालुका खेड, आणि खेडचं न्यायालय राजगुरुनगरला. ज्या हुतात्म्याचं नाव त्या गावाला आहे, त्याचा खटला कुणी चालवला?

1 मे 1930 रोजी व्हॉइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढला आणि लाहोर कटाच्या खटल्यासाठी तीन न्यायमूर्तींचं खास न्यायाधिकरण नेमलं. कोल्डस्ट्रीम, आगा हैदर आणि हिल्टन. उच्च न्यायालयात अपिलाची सोय ठेवलेली नव्हती. 12 मे रोजी भर न्यायालयात पोलिसांनी आरोपींना मारलं. त्या दिवशीच्या आदेशात माझा वाटा नाही आणि जे घडलं त्याच्याशी माझा संबंध नाही, असं आगा हैदर यांनी लेखी नोंदवून ठेवलं. सरकारने काय करावं? जूनमध्ये न्यायाधिकरणच बदललं. कोल्डस्ट्रीम गेले, आगा हैदर गेले, हिल्टन अध्यक्ष झाले आणि दोन नवे न्यायमूर्ती आले. 7 ऑक्टोबर 1930 रोजी भगतसिंग, सुखदेव आणि खेडच्या शिवराम हरी राजगुरूंना फाशीची शिक्षा सुनावली गेली. 23 मार्च 1931 रोजी ती दिली गेली. खटला भरणारा हात आणि न्यायाधीश नेमणारा हात एकच असला, की अडचणीचा न्यायमूर्ती दीड महिन्याच्या आत घरी जातो.

सरकारच्या नेमणुकीचं ताजं उदाहरण हवं असेल, तर 19 मे 2024 ची पुण्यातल्या कल्याणीनगरची रात्र आठवा. गाडीच्या धडकेत दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, आणि बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने अल्पवयीन आरोपीला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. सारा देश संतापला. त्या मंडळात एक न्यायदंडाधिकारी असतो आणि दोन सदस्य समाजकार्यातले, राज्य सरकारने नेमलेले. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने त्या दोन सदस्यांना काढलं. ते सदस्य कोण आहेत, हे पुण्याला कळलं ते दोन मृत्यूंनंतर. नेमले तेव्हा कुणी विचारलं होतं, यांनी मुलांसाठी आजवर काय काम केलंय?

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांत सरकारला जागा देणारा आयोग 16 ऑक्टोबर 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी रद्द केला. मला तो निकाल बरोबर वाटतो. खटल्यांत सर्वांत जास्त वेळा पक्षकार असतं ते सरकारच. मात्र न्यायमूर्तीच न्यायमूर्ती निवडतात त्या कॉलेजियमची दारं त्यानंतर जेवढी उघडायला हवी होती तेवढी उघडली नाहीत. 2017 पासून ठराव संकेतस्थळावर येतात. नाव कळतं, कारण पुरेसं कळत नाही.

तर न्यायाधीशाला जनतेने मंचावर उभं करायचं नाही आणि सरकारच्या खिशातही घालायचं नाही. मग आपण काय करायचं, तोंडाला कुलूप लावून तारखा मोजायच्या? मुळीच नाही. न्यायालय ज्यांच्यामुळे चालतं किंवा अडतं, अशी पुष्कळ माणसं आपल्यापुढे मतं मागायला येतात. डिबेट त्यांची लावा.

एका न्यायालयाच्या व्हरांड्यात पाहिलेलं सांगतो. म्हाळुंग्याच्या बाजूला पॉवर प्रेसवर काम करणारा बाविशीच्या आतबाहेरचा मुलगा. उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून गेलेली. ठेकेदाराचं म्हणणं, हा माझा माणूसच नव्हे. मुलाकडे हजेरीकार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो होता आणि तो फोटो बोटांच्या उरलेल्या खुंटांनी मोठा करून वकिलाला दाखवत होता. रात्रपाळी करून, दोन बस बदलून आलेला. साडेअकराला पुकारा झाला. समोरच्या बाजूने एक ज्युनियर पुढे झाली, मुदतीचा अर्ज ठेवला. सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत. सहा आठवड्यांनंतरची तारीख पडली. दोन मिनिटंही लागली नाहीत. मुलगा वकिलाला विचारत होता, आज झालं का? त्याचा त्या दिवशीचा खाडा आणि बसभाडं कुणी भरून द्यायचं?

यात न्यायाधीशाचा दोष किती? समोरचा बोर्ड पाहिला असता तर कळलं असतं. त्यांच्यापुढे त्या दिवशी इतकी प्रकरणं होती, की प्रत्येकाला पाच मिनिटं दिली तरी अंधार पडला असता. विधी आयोगाने 1987 मध्येच सांगितलं होतं, दहा लाख लोकसंख्येमागे 50 न्यायाधीश हवेत. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हे पाच वर्षांत करा म्हणून आदेश दिला. आज देशात मंजूर पदं धरली तरी आकडा 21 च्या आसपास फिरतो. पिंपरी-चिंचवडची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 17 लाख 27 हजार. त्या जुन्या आकड्यालाच 86 न्यायाधीश लागतात. पद मंजूर करणं, इमारतीला पैसे देणं, लिपिक आणि बेलिफांची भरती करणं, हे साहेबांच्या हातात नाही. ते मंत्रालयात ठरतं.

आणि मुदतीचा अर्ज? तो वकिलाच्या हातात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय, सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये. चेक न वटल्याच्या खटल्यांचा निकाल सहा महिन्यांत लावायचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच म्हणतो. भोसरी नि तळवड्यातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना विचारा, सहा महिन्यांत किती जणांचा लागला. माल देऊन बसलेत, चेक परत आलाय, जीएसटी मात्र भरून झालाय, आणि दोन माणसांचा पगार थांबलाय.

म्हणून पहिली डिबेट वकिलांची. वकील संघटनांच्या निवडणुका दरवर्षी होतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलवर 25 सदस्य वकिलांच्या मतांनी जातात. अशा एका संघटनेच्या उमेदवारांची भाषणं मी उभा राहून ऐकली आहेत. वक्ते चांगले होते, कळकळही खरी होती. पार्किंग, चेंबर, लायब्ररी, कँटीन, महिला वकिलांसाठी स्वतंत्र खोली. सगळ्या मागण्या रास्त. पण पक्षकार हा शब्द फार थोड्यांच्या तोंडी आला आणि तहकुबी हा शब्द आलाच नाही. मागे बाकावर चार-पाच पक्षकार बसले होते. त्यांना त्या सभेत बोलायचा अधिकार नव्हता, हे मला मान्य आहे. ऐकायला बसू दिलं, हेही चांगलं केलं. पण उद्याच्या सभेत वकिलांपैकीच कुणी उठून उमेदवाराला विचारावं: गेल्या वर्षी तुम्ही स्वतः किती मुदतीचे अर्ज दिले? तुमच्या ज्युनियरला महिन्याला काय देता? कामबंद पुकारलात तेव्हा खेड, मावळातून आलेल्या माणसांना आदल्या दिवशी कळवलं होतं का? ज्यांना हे विचारायचं धाडस होईल, तेच मला उद्याच्या परीक्षेतले खरे उमेदवार वाटतात.

दुसरी डिबेट आमदारांची. नोव्हेंबर 2024 मध्ये पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि खेड-आळंदी, चारही मतदारसंघांत प्रचार तापला होता. पवनेचं पाणी, रेड झोन, अनधिकृत बांधकामं, चाकण चौकातली कोंडी. सगळे प्रश्न खरे. न्यायालयावर मात्र मी एकाही कोपरासभेत दोन वाक्यं ऐकली नाहीत. पिंपरीच्या न्यायालयाच्या जागेचा प्रवास तर मोरवाडी, मग नेहरूनगर, आता मोशी असा चालूच आहे. आयुक्तालय मिळालं, न्यायालय मागे राहिलं. आरोपी पकडायची क्षमता वाढवली आणि खटला चालवायची नाही वाढवली, तर माणसं तुरुंगात खितपत पडतात नाही तर जामिनावर सुटून साक्षीदाराच्या दारात उभी राहतात.

मागून मिळत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. कोल्हापूरने चाळीसेक वर्षं खंडपीठ मागितलं. वकील रस्त्यावर उतरले, त्यांच्याबरोबर गावोगावची माणसं उतरली, प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाला तोच प्रश्न विचारला गेला. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. ती मागणी कुण्या न्यायाधीशाला मंचावर ओढून पुरी झाली नाही.

आपल्या हातात आकडेही आहेत. न्यायालयीन माहितीचं राष्ट्रीय संकेतस्थळ 2015 पासून सगळ्यांना खुलं आहे. कुठल्या न्यायालयात किती प्रकरणं, किती वर्षांची, मोबाइलवर दिसतं. पुढच्या सभेला जाताना ते पान काढून ठेवा. आणि नेता मोशीच्या नव्या इमारतीचं चित्र दाखवायला लागला, की त्याला बसवू नका, उभाच ठेवा. या इमारतीत न्यायाधीश किती बसणार? त्यातली किती पदं मंजूर झाली? शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख सांगा.